पार्सल 'डिलिव्हर्ड' दाखवतंय, हातात काहीच नाही. जबाबदार कोण?

शिवणटिपण
जुन्या शिवणयंत्राचा हुक असेंब्लीतला एक भाग ऑनलाइन मागवला होता. कंपनी तो आता बनवत नाही, म्हणून एका छोट्या विक्रेत्याच्या वेबसाइटवरून थेट घेतला. पैसे क्रेडिट कार्डाने भरले. १० दिवसांत येईल असं सांगितलं होतं, आज २६वा दिवस. ट्रॅकिंगवर १४व्या दिवशी सकाळी ११:५२ ला 'डिलिव्हर्ड' अशी नोंद आहे आणि सहीच्या चौकोनात नुसती एक आडवी रेघ. घरात कोणी घेतलेलं नाही, शेजारीपाजारी विचारून झालं.

विक्रेता म्हणतो, "आमच्याकडून माल गेला, आता कुरियरशी बोला." कुरियर म्हणतं, "आमचा ग्राहक पाठवणारा आहे, तुमची तक्रार घेता येत नाही."

वकील आणि नोटीस नको आहे. वस्तू तेवढी महाग नाही. दोन-तीन ईमेलांत मिटेल असा मार्ग सांगा.

टपालवेडा
कुरियर तुम्हाला खरं तेच सांगतंय. त्यांचा करार विक्रेत्याशी आहे. तुमचा करारही विक्रेत्याशीच आहे. त्यामुळे कुरियरच्या मागे लागणं हे विक्रेत्याचं काम, तुमचं नाही. कुरियरच्या कॉल सेंटरवर एक मिनिटही घालवू नका.

विक्रेत्याला एकच ईमेल पाठवा. त्यात ऑर्डर क्रमांक, ट्रॅकिंग क्रमांक आणि "मला वस्तू मिळालेली नाही" हे वाक्य सरळ लिहा. मग चार गोष्टी मागा: सहीची पूर्ण प्रतिमा, डिलिव्हरी स्कॅनचं जीपीएस ठिकाण, दारात काढलेला फोटो असल्यास तो, आणि बुकिंगच्या वेळचं व शेवटच्या केंद्रावरचं वजन. यातलं बरंचसं पाठवणाऱ्याच्या खात्यातून मागता येतं, तुम्हाला परस्पर देणार नाहीत. उत्तराला ७ दिवसांची मुदत द्या आणि तारीख लिहून द्या, "लवकरात लवकर" असं लिहू नका.

नाना उत्तरे
नोटीस पाठवा. रजिस्टर पद्धतीने, वकिलाच्या लेटरहेडवर, १५ दिवसांची. नोटिशीशिवाय कोणी हलत नाही.

मंजिरी दे
विमा घेतला होता का? चेकआउटला शिपिंग इन्शुरन्सची चौकट असते. ती टिक केली नसेल तर जबाबदारी तुमची, मग कोणाला काय सांगणार?

कलम आणि कागद
मंजिरी, हा समज फार पसरलाय आणि तो घातक आहे. विमा पाठवणाऱ्याचं नुकसान भरून काढतो. तो नसला म्हणून विक्रेत्याची जबाबदारी तुमच्या गळ्यात येत नाही. मूळ प्रश्न एवढाच असतो की वस्तूची जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कोणत्या क्षणी गेली.

ब्रिटनमध्ये २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं की ग्राहकाच्या किंवा त्याने सांगितलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत जोखीम व्यापाऱ्याची. युरोपीय संघाच्या २०११/८३ या निर्देशाचं कलम २० तेच म्हणतं. अपवाद एकच: कुरियर तुम्ही स्वतः ठरवला असेल आणि तो विक्रेत्याने दिलेल्या पर्यायांत नसेल, तर कुरियरच्या हातात दिल्या क्षणी जोखीम तुमची.

भारतात १९३०चा माल विक्री कायदा आहे. त्याचं कलम ३९ वाहकाकडे माल सोपवणं म्हणजे सकृद्दर्शनी खरेदीदाराला दिल्यासारखं धरतं. विक्रेते हेच वाक्य पुढे करतात. पण त्याच कलमात पुढे आहे की विक्रेत्याने वाहकाशी मालाला आणि परिस्थितीला साजेसा करार केला पाहिजे. तो केला नाही आणि वस्तू वाटेत हरवली, तर ती डिलिव्हरी मानायला खरेदीदार नकार देऊ शकतो. त्यावर २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२०चे ई-कॉमर्स नियम आहेत: तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण एका महिन्यात.

आणखी एक. ब्रिटन-युरोपातलं हे संरक्षण व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला आहे. एखाद्या खाजगी माणसाकडून जुनी वस्तू घेतली असेल तर ते लागू होत नाही. तुमचा विक्रेता दुकानदार आहे ना, हे आधी पाहा.

टपालवेडा
'त्याने सांगितलेला माणूस' हे शब्द नीट वाचा. ऑर्डर देताना "शेजारी द्या" किंवा "दाराशी ठेवा" ही चौकट टिक केली असेल तर चित्र बदलतं. ऑर्डरचा ईमेल उघडून बघा.

डाकतिकीट
क्रमांक टपालाचा आहे की खाजगी कुरियरचा? १३ जागांचा असेल, म्हणजे सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं, तर तो आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेचा साचा. नऊपैकी शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. पहिल्या आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा, बेरजेला ११ ने भागा, बाकी ११ मधून वजा करा. १० आलं तर ० धरायचा, ११ आलं तर ५. उदाहरणार्थ १२३४५६७८ ची बेरीज २०४, बाकी ६, म्हणून पडताळणीचा आकडा ५. हा आकडा जुळला नाही तर विक्रेत्याने क्रमांक चुकीचा टाइप केलाय, आणि तुम्ही दुसऱ्याच्याच पार्सलचं ट्रॅकिंग बघताय!

परदेशातून टपालाने आलं असेल तर चौकशीची मुदत बुकिंगच्या दुसऱ्या दिवसापासून ६ महिने. हरवलेल्या पार्सलची भरपाई पाठवणाऱ्याला मिळते, पाठवणाऱ्याने लेखी हक्क सोडला तरच घेणाऱ्याला.

नाना उत्तरे
हे गणित करत बसण्यापेक्षा नोटीस बरी.

घाटवाट
कार्डाने पैसे दिलेत ना? मग बँकेत डिस्प्यूट टाका, म्हणजे त्या व्यवहाराचे पैसे परत मागणारी तक्रार. एक चूक मात्र टाळा. फॉर्मवर कारण निवडताना "हा व्यवहार मी केलेला नाही" यावर क्लिक करू नका. ती फसवणुकीची तक्रार होते, कार्ड ब्लॉक होतं, विक्रेता तुमची ऑर्डर दाखवतो आणि दावा फेटाळला जातो. कारण "माल मिळाला नाही" हेच निवडायचं. सोबत ऑर्डरचा ईमेल, कबूल केलेल्या तारखेचा स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार जोडायचा. आधी विक्रेत्याकडे मागणी केल्याचा पुरावा नसेल तर बँक परत पाठवते.

मुदत कार्ड नेटवर्कच्या नियमात साधारण १२० दिवस असते, पण बँका स्वतःची मुदत कमी ठेवतात. ती बँकेकडून लेखी घ्या.

अनुराधा के
मी सगळ्यांना सांगते, पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. सहाही बाजू, लेबल, सीलची टेप, मग कात्री. मध्ये कट नको.

घाटवाट
अनुराधाताई, पार्सल आलेलंच नाही, उघडणार काय?

अनुराधा के
पुढच्या वेळेसाठी म्हणतेय. रिकामी खोकी किती येतात! व्हिडिओ असला की कोणी नाही म्हणत नाही.

डाकतिकीट
म्हणतात की. व्हिडिओवरून खोकं आधी उघडून पुन्हा चिकटवलं होतं का ते ठरत नाही. रिकाम्या खोक्याचा खरा पुरावा वजन. बुकिंगला ६०० ग्रॅम आणि पुढच्या केंद्रावर ९० ग्रॅम नोंदलं असेल तर माल कुठल्या टप्प्यात गेला ते त्या दोन ओळींत दिसतं. म्हणून दारातच लेबलवरच्या वजनाचा फोटो काढा आणि खोकं तोला.

मंजिरी दे
पण विमा असता तर हे काहीच लागलं नसतं.

कलम आणि कागद
विमा असता तरी विक्रेत्याला हेच सगळे कागद लागले असते. दावा मंजूर व्हायचे तेवढे दिवस लागले असते ते वेगळेच.

शिवणटिपण
टपालवेडा यांच्या यादीप्रमाणे ईमेल केला आणि पाचव्या दिवशी उत्तर आलं. क्रमांक खाजगी कुरियरचा आहे. "दाराशी ठेवा" वगैरे काही टिक केलेलं नाही. वजन बुकिंगला ६४० ग्रॅम, शेवटच्या केंद्रावरही ६४०, म्हणजे खोकं रिकामं झालेलं नव्हतं. दारातला फोटो मात्र आमच्या दाराचा नाही. निळं दार, उजवीकडे घंटीची दोन बटणं, पायपुसण्यावर तिरकं ठेवलेलं खोकं. आमचं दार तपकिरी आहे आणि बाहेर लोखंडी जाळी आहे.

लेबलही दिसतंय. पत्त्याची दुसरी ओळ इमारतीच्या नावाशी तुटलीय, पुढचा मजला आणि दाराचा क्रमांक गायब. ऑर्डरच्या ईमेलमध्ये पत्ता पूर्ण आहे. आता ही चूक कोणाची?

टपालवेडा
ईमेलमध्ये पत्ता पूर्ण असेल तर तुमची नाही. अनेक कुरियरच्या लेबलवर एका ओळीत ३५च अक्षरं मावतात. विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमधून लांब ओळ तशीच गेली की पुढचं मुकाट्याने कापलं जातं, कोणाला कळतही नाही. ऑर्डरचा ईमेल आणि लेबल शेजारी शेजारी ठेवून स्क्रीनशॉट घ्या. चेकआउटला तुम्हीच दाराचा क्रमांक विसरला असतात तर सगळी बाजू उलटली असती.

पुढच्या वेळी दाराचा क्रमांक पहिल्या ओळीत, अगदी सुरुवातीला लिहा. इमारतीचं लांबलचक नाव नंतर.

कलम आणि कागद
यात आता वादच उरला नाही. अपुऱ्या पत्त्याने पाठवलेला माल वाहकाकडे नीट सोपवला असं कोण म्हणेल? पूर्ण परतावा मागा, डिलिव्हरी शुल्कासकट. दुसरी वस्तू घेऊ नका, कारण तिचीही तीच गत होऊ शकते आणि तोवर बँकेतल्या डिस्प्यूटची मुदत सरेल.

घाटवाट
सहमत. परतावाच घ्या. "दुसरं पाठवतो" हा वेळ काढण्याचा जुना मार्ग आहे.

अनुराधा के
परतावा घ्या. आणि दुसरं आलंच तर व्हिडिओ काढा.

नाना उत्तरे
परतावा. नाही दिला तर नोटीस.

शिवणटिपण
सगळ्यांचे आभार. विक्रेत्याने चूक मान्य केली आणि परतावा किंवा दुसरा नग असे दोन्ही पर्याय दिले. मी दुसरा नग घेतेय. त्याच्याकडे शेवटचा एकच आहे आणि तो गेला तर यंत्र भंगारात. परताव्याच्या पैशांत हा भाग मला दुसरीकडे कुठे मिळणार?

लेखी तीन अटी घातल्या, त्याने मान्य केल्या. पार्सल घरी न येता कुरियरच्या काउंटरवर थांबेल आणि मोबाइलवर आलेला कोड सांगितल्यावरच मिळेल. पाठवण्याआधी लेबलचा फोटो मला येईल. २१ दिवसांत हातात आलं नाही तर पूर्ण परतावा, पुन्हा विचारणा न करता. बँकेने लेखी कळवलेली डिस्प्यूटची शेवटची तारीख त्यानंतर ३८ दिवसांनी आहे. ती कॅलेंडरमध्ये टाकलीय.

टपालवेडा
काउंटरवर किती दिवस ठेवतात ते विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ५ ते ७ दिवसच ठेवतात आणि मग पार्सल परत जातं. तसं परत गेलेलं पार्सल 'हरवलेलं' धरत नाहीत.

शिवणटिपण
विचारलं. ७ दिवस. लेबलचा फोटो आत्ताच आला, दाराचा क्रमांक पहिल्या ओळीत आहे.