मदत हवी आहे: रात्री छातीत धडधडतं

ताईंनो, बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, दर दीड-दोन तासांनी उठतं, डिलिव्हरीपासून सलग तीन तास झोप काय ते माहीतच नाही. आठवडा झाला, पाजून आडवी झाले की इतकं धडधडतं की उशीत ठोके ऐकू येतात, काल मोजले तर मिनिटाला 118, आणि मग भांडुपहून पहिली लोकल गेली तरी डोळा नाही लागला. दम लागत नाही, चक्कर नाही. सासूबाई म्हणतात अशक्तपणा, डिंकाचे लाडू खा (खातेय, रोज दोन!). हिमोग्लोबिन डिलिव्हरीच्या वेळी 9.2 होतं आणि लोहाच्या गोळ्या मीच मध्ये सोडल्या, चहाही चार कप होतो. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडतं म्हणतात, तेच असेल का? उद्या डॉक्टरकडे जातेय, सीबीसी (रक्ताची तपासणी), टीएसएच (थायरॉईडची), ईसीजी (हृदयाच्या ठोक्यांची) सोडून अजून काय विचारू? कोणाला असं झालंय?