दोघंही शिकत असतील तर घरभाडं कुणाच्या शिष्यवृत्तीत बसतं?

बेगमपुऱ्यातली भाडेकरू:
मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, नवरा बी.एड. करतोय. माहेर गेवराई तालुक्यात, सासर अंबड तालुक्यात. छत्रपती संभाजीनगरला बेगमपुऱ्यात एक खोली केली आहे. भाडं ४,००० रुपये, लाइट बिल वेगळं, पाण्याचे जार वेगळे. किराणा, गॅस, झेरॉक्स, गावाकडं जायचं एसटीचं भाडं धरलं की महिन्याला साडेदहा-अकरा हजार लागतात. नवरा संध्याकाळी एका मेडिकलवर बसतो, तिथून ५,००० येतात. लाडक्या बहिणीचे १,५०० येतात. बाकीचं सासरे सोयाबीन विकून देतात, आणि सोयाबीनला काय भाव मिळतो ते इथं सांगायला नको.

ओबीसी मुलामुलींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना इथल्यासारख्या महापालिकेच्या शहरात वर्षाला ५१,००० मिळतात. त्यात जेवणाचे २८,०००, राहण्याचे १५,००० आणि निर्वाहाचे ८,०००. पण सुरुवातीला एका जिल्ह्याला ६०० जणच ठरले. माझं नाव यादीत आलं, त्याचं नाही आलं. आता राहण्याचे १५,००० बारा महिन्यांवर वाटा, महिन्याला १,२५० पडतात. एवढ्यात या शहरात खोली मिळते का? वसतिगृहात जावं तर मुलींचं वेगळं, मुलांचं वेगळं.

लग्न झालेली दोघं शिकत असतील तर त्यांना एक घर धरून भाड्याचा भत्ता मिळायला पाहिजे, असं माझं मत आहे. पटत नसेल त्यांनीही लिहा, मला ऐकायचं आहे.

जालन्याचा गुरुजी:
ताई, तुमची ओढाताण खरी आहे. तरीही माझा विरोध आहे. मी २२ वर्षं शाळेत शिकवतोय. नववी-दहावीतली मुलगी दिवाळीनंतर वर्गात दिसेनाशी होते, आणि नंतर कळतं की लग्न झालं. आपल्या बीड, परभणी, जालन्यात हे किती होतं, कुणाला सांगायची गरज नाही. २००६ चा कायदा मुलीला १८ आणि मुलाला २१ सांगतो, पण गावात पत्रिका छापतानाच वय वाढतं. उद्या सरकारनं लग्न झालेल्या विद्यार्थ्यांना वेगळा पैसा सुरू केला, तर बाप म्हणेल, 'लग्नानंतर शिकू द्या, आता तर पैसेही मिळतात.' ज्या पोरीला अजून दोन वर्षं थांबवता आलं असतं, तीही जाईल. तेवढ्या पैशात तालुक्याला मुलींचं वसतिगृह काढा. बाप पोरीला लवकर उजवतो ते बहुतेक वेळा ती शहरात राहणार कुठं या धास्तीनं.

नांदेडहून, एमपीएससी करणारा:
गुरुजींशी सहमत. मी २८ वर्षांचा आहे, लग्न केलं नाही, कारण दोघांचं पोट भरण्याची ऐपत नाही. एक डबा दोन वेळा खातो. अंथरूण पाहून पाय पसरावेत. शिवाय दोघांनाही आधार मिळाला असता तर वर्षाला १,०२,००० झाले असते, म्हणजे महिन्याला साडेआठ हजार, आणि खोली एकच. दोन एकट्या पोरांपेक्षा तुम्हाला स्वस्तच पडतं. मग भत्ता जास्त कशासाठी?

बेगमपुऱ्यातली भाडेकरू:
दादा, हिशेब बरोबर आहे, पण तो दोघांनाही मिळाला तर. एकाला मिळाला की एकाच्या पैशात दोघं राहतात. आणि तुम्ही थांबलात ते तुमच्या मर्जीनं. माझ्या गावात बी.ए.ला असलेली मुलगी 'मी थांबते' म्हणाली तर ते कुणी ऐकून घेत नाही. मी वीस वर्षांची होते, कायद्यात बसत होते. लग्नाच्या बोलणीतच वडिलांनी 'पुढं शिकवायचं' हे ठरवून घेतलं. एवढंच माझ्या हातात होतं.

गुरुजी, वयाचा पुरावा बघूनच भत्ता द्या. लग्नाच्या तारखेला दोघांची वयं भरली नसतील तर देऊच नका. मग तो बाप उलट दोन वर्षं थांबेल.

माजलगावकर:
माझे आई-बाप दरवर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला साखर कारखान्यावर जातात. आमच्याकडं एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला, हिशेब होतो तो जोडीचा. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. म्हणजे ऊस तोडायला दोघं मिळून एक धरतात, टोळीत राहायची कोपीही (झोपडी) जोडीला एक मिळते. त्याच जोडीनं पुस्तक हातात घेतलं की ती घर म्हणून कुठंच धरली जात नाही. माझा मोठा भाऊ आणि वहिनी दोघं बारावी पास आहेत, दोघं कोयत्यावर आहेत. शिकायला खोली करायची तर आगाऊ पैसे कोण देणार? मुकादम देतो. म्हणून ते तिकडं गेले.

एक प्राध्यापिका, लातूर:
दाखल्यांच्या गोंधळाबद्दल थोडं लिहिते, कारण मुली त्यातच अडकतात. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमात लग्न झालेली, नोकरी नसलेली विद्यार्थिनी असेल तर नवऱ्याचं उत्पन्न धरतात. ओबीसी सवलतींसाठी लागणाऱ्या नॉन-क्रीमीलेअर दाखल्याला मात्र लग्नानंतरही आईवडिलांचीच स्थिती बघतात. एकाच मुलीला एका कागदासाठी सासर आणि दुसऱ्यासाठी माहेर गाठावं लागतं. भाऊ दाखला काढून देईपर्यंत अर्जाची मुदत निघून गेलेली असते. नवरा स्वतः विद्यार्थी असेल तर त्याचं उत्पन्न किती लिहायचं, यावर मी खिडकीवर वाद होताना पाहिले आहेत.

पीएच.डी.ला यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांची रजा ठेवली आहे, मुदतही दोन वर्षं वाढवून मिळते. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, असेल तर महिन्याला ३७,०००, त्यात आपल्या भागात दोघांचं घर नीट चालतं. एम.ए., बी.एड.च्या मुलींसाठी यूजीसीनं १४ डिसेंबर २०२१ ला विद्यापीठांना बाळंतपणाच्या रजेचे नियम करायला सांगितलं, पण ते विद्यापीठांवर सोडलं. लग्नं होतात ती याच वयात. तिथंच हात रिकामे आहेत.

नांदेडहून, एमपीएससी करणारा:
मॅडम, दाखल्याचा मुद्दा मान्य, एकच नियम करावा. पण भाडेभत्त्याला अजूनही माझा विरोधच आहे. पैसा मर्यादित आहे. आधीच्या ६०० च्या यादीबाहेर हजारो एकटी पोरं उभी आहेत. ती आधी.

माजलगावकर:
भाऊ, यादी वाढवा हे तर आम्हीही म्हणतो. तुमच्या ताटातलं काढून आम्हाला वाढा असं कुणी म्हणालं नाही.

जालन्याचा गुरुजी:
वयाच्या अटीवर मी विचार केला. लग्नाची नोंदणी आणि शाळा सोडल्याचा दाखला दोन्ही मागितले तर पत्रिकेवरचं खोटं वय चालणार नाही, हे मान्य. तरी आधी वसतिगृह, मग भत्ता, यावर मी ठाम आहे. ताई, एक विचारतो. तुमच्या वर्गात लग्न झालेल्या किती जणी आहेत?

बेगमपुऱ्यातली भाडेकरू:
गुरुजी, आम्ही २३ मुली आहोत, त्यात नऊ जणींचं लग्न झालंय. नवऱ्यासोबत खोली करून राहणाऱ्या आम्ही दोघीच. बाकीच्या सात सासरी आहेत, परीक्षेपुरत्या येतात. शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून त्या अर्जच करत नाहीत. त्यातली एक काल नोट्सचे फोटो मागत होती. रात्री साडेअकराला, सगळे झोपल्यावर.