मुलगा म्हणतो, ‘वडिलांना आजार सांगू नका’

प्रश्न (परिचारिका, कर्करोग विभाग):
आमच्याकडील एका वृद्ध रुग्णाची भाषा विभागात कोणालाच येत नाही, त्यामुळे आजवर मुलगाच दुभाष्याचे काम करत आला आहे. डॉक्टर चार वाक्ये बोलतात, मुलगा एकच सांगतो आणि वडील मान डोलावतात. आता कर्करोग पसरल्याचे निष्पन्न झाले असून, ‘आमच्यात असे तोंडावर सांगत नाहीत’, असे मुलाने बजावले आहे. कुटुंबाच्या रीतीचा मान राखावा की रुग्णाचा हक्क जपावा?

उत्तर १ (वैद्यकीय दुभाषी):
प्रथम मुलाला या कामातून मोकळे करावे. वडिलांच्या आजाराने खचलेल्या माणसाकडून तटस्थ भाषांतराची अपेक्षा करणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. प्रशिक्षित दुभाषी प्रत्यक्ष मिळत नसेल तर फोनवर घ्यावा. डॉक्टरांनी मात्र रुग्णाकडेच पाहून, छोट्या वाक्यांत बोलावे. मान डोलावणे पुष्कळदा केवळ आदरापोटी असते, म्हणून सांगितलेले रुग्णाकडून त्याच्या शब्दांत परत ऐकावे.

उत्तर २ (उपशामक, म्हणजे गंभीर आजारातील वेदना व त्रास कमी करणाऱ्या सेवेतील डॉक्टर):
मुलाचे म्हणणे निराधार नाही. लॉस एंजेलिस परिसरातील ६५ वर्षे व त्यावरील ८०० ज्येष्ठांची पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. पसरलेल्या कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगावे, असे युरोपीय वंशाच्या ८७ टक्के लोकांना वाटत होते, तर कोरियन वंशाच्या ४७ टक्के लोकांना. परंतु ४७ टक्के म्हणजे जवळजवळ निम्मे. आपले रुग्ण कोणत्या निम्म्यात बसतात, हे त्यांचा समाज कोणता यावरून कधीही कळणार नाही. म्हणून निदान सांगण्याआधी त्यांनाच विचारावे: ‘तपासण्यांचे निकाल तुम्हाला स्वतः ऐकायचे आहेत, की मुलाशी बोलू?’ त्यांनी मुलाचे नाव घेतले तर तोही हक्क बजावणेच झाले. मुलाला आधीच शांतपणे सांगावे की आम्ही काही लादणार नाही, पण वडिलांनी विचारले तर खोटेही बोलणार नाही.

उत्तर ३ (मानसोपचारतज्ज्ञ):
वरील मताशी सहमत आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये सुचवलेले प्रश्नही येथे उपयोगी पडतील: हा आजार कशामुळे झाला असे आपल्याला वाटते, आणि त्यात सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? पुष्कळदा रुग्णाला बरेच काही आधीच उमगलेले असते.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. दुभाष्याची मागणी आजच नोंदवते. रुग्णाचे उत्तर केसपेपरवरही लिहून ठेवू, म्हणजे रात्रपाळीतील कोणाकडून अनवधानाने भलतेच बोलले जाणार नाही.