मदत हवी आहे: न्यू हॅम्पशरच्या अनवट डोंगरांवरचे जुने वुड्स रोड

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू हॅम्पशरमध्ये नॅशुआजवळ राहतो. नोव्हेंबरभर बाबा पुण्याहून येताहेत. सत्तरी ओलांडली असली तरी माणूस सह्याद्रीत मुरलेला आहे. चढाचं काही वाटत नाही, फक्त उतरताना गुडघ्यांना मोठमोठे खडक नकोत आणि माथ्यावर जत्रा नको. म्हणजे मोनॅडनॉक डोंगर (३,१६५ फूट) दोन्ही कारणांनी बाद.

माझ्या डोळ्यांसमोर हॅनकॉक, स्टॉडर्ड या गावांच्या भागातले दीड-दोन हजार फुटी डोंगर आहेत, पाटी नसलेले. स्टॉडर्डचा पिचर माउंटन छानच, पण वणवा-टेहळणीचा मनोरा असल्याने तो सगळ्यांना ठाऊक. या बाकीच्या टेकड्यांवर जुने वुड्स रोड (रानातले जुने गाडीरस्ते) जातात, रुंद आणि बेताच्या चढाचे. अडचण अशी की रस्ता झकास चालू असतो आणि अचानक लाकडं रचायच्या पटांगणात येऊन फुटतो. तिथून निघणाऱ्या वाटा आपल्याकडच्या ढोरवाटांसारख्या फसव्या, सगळ्या काटेरी ब्लॅकबेरीत जाऊन मरतात.

तर, खरा जुना रस्ता ओळखायचा कसा? जमीन खाजगी असेल तर चालतं का? आणि शिकारीच्या दिवसांत बाबांना नेऊ का? (ॲप बघा असं कृपया सांगू नका. ॲपवर जे डोंगर आहेत तेच मला टाळायचे आहेत.)

प्रतिसाद १
दोन्ही बाजूंना दगडी गडगे असतील तर तो रस्ता जुना समजा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे मेरिनो मेंढ्यांचं पेव फुटलं होतं, डोंगर जवळजवळ बोडके होते. पुढे शेतं ओस पडली आणि रान परत आलं. गडग्यालगत जाडजूड मेपल आणि जवळ घराच्या तळघराचा दगडी खड्डा दिसला की बिनधास्त चाला, असा रस्ता कुठेतरी पोचवतो. लाकूडतोडीच्या वाटांना गडगे नसतात; उलट त्या गडगा फोडून पलीकडे जातात.

घरून निघण्याआधी यूएसजीएसचे (अमेरिकेच्या सरकारी भूसर्वेक्षण खात्याचे) शंभरेक वर्षांपूर्वीचे नकाशे बघा, त्यांच्या टोपोव्ह्यू या साइटवर फुकट आहेत. त्यात रस्त्याकाठी काळे चौकोन म्हणजे घरं. मी तर रात्री जेवण झाल्यावर तेच बघत बसतो, घरचे वैतागतात. नोव्हेंबरात पाचोळ्याखाली वाट बुजते, पण पानगळीमुळे गडगे लांबून दिसतात.

प्रतिसाद २
जमिनीचं सांगते. मनाईची पाटी नसेल तर इथे चालू देण्याची रीत आहे. 'करंट यूज' सवलतीतली (रान-शेत तसंच मोकळं राखलं म्हणून कमी कर लागणारी) जमीन लोकांना हिंडायला खुली ठेवली तर मालकाला करात आणखी २० टक्के सूट मिळते, त्यामुळे बरेच जण खुली ठेवतात. 'पोस्टेड' किंवा 'नो ट्रेसपासिंग' दिसलं की मात्र मुकाट्याने मागे फिरा.

हरणाच्या बंदुकीच्या शिकारीचा हंगाम नोव्हेंबरात, आणि इथे रविवारीही शिकार चालते. बाबांना भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घाला. पांढरा रुमाल-मफलर अजिबात नको, हरणाची शेपटी पांढरी असते. गोचिड्याही या दिवसांत असतात, पँट मोज्यात खोचा. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली की महिन्याच्या मध्याला साडेचारच्या आत सूर्य बुडतो, तेव्हा सकाळीच निघा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. एक राहिलं: रस्त्याला आडवं फाटक असेल तर?

प्रतिसाद २
रस्ता 'क्लास सिक्स' आहे का ते बघा. म्हणजे गावाने देखभाल सोडलेला, पण लोकांचा जाण्याचा हक्क शाबूत असलेला. त्यावर गावाच्या परवानगीने फाटक असू शकतं, पण कुलूप घालून वाट अडवता येत नाही. उघडा आणि पुन्हा लावून घ्या. गावाने पूर्ण रद्द केलेला रस्ता मात्र मालकाचा. टाऊन ऑफिसात विचारा, तिथे कळेल. हॅनकॉकला जाणार असाल तर आधी तिथला स्काटुटाकी डोंगर करा, वाट नीट आखलेली आहे आणि बाबांच्या गुडघ्यांचाही अंदाज येईल.