गावाला रुग्णवाहिका द्यायची ठरली आहे: बोलेरो की ट्रॅव्हलर?

अर्जुनाकाठचा
आमचं गाव राजापूर तालुक्यात, सात वाड्यांचं. मुंबई मंडळाने गेल्या गणपतीत ठराव केला की गावाला रुग्णवाहिका द्यायची. पैसे बऱ्यापैकी जमलेत, आता भांडण गाडीवरून आहे. मंडळाला फोर्स ट्रॅव्हलर हवी, ती मिनीबससारखी उंच गाडी, आत मॉनिटर, व्हेंटिलेटर, सगळा थाट. माझं मत उलटं आहे. इथे मांडतोय, कारण मीटिंगमध्ये मला कोणी बोलू देत नाही.

बोलेरो घ्या. सातपैकी चार वाड्यांचे रस्ते दोन्ही बाजूंच्या गडग्यांतून (दगडी कुंपणांतून) जातात. एसटी पिंपळापाशी थांबते, ट्रॅव्हलरही तिथेच थांबणार. पुढे पेशंट खुर्चीला बांधून नाहीतर चादरीच्या डोलीत, आणि पावसात पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, हे एवढं शेवाळ. दोन वर्षांपूर्वी चुलत्यांना असंच आणलं. चुलते आठवड्यात घरी आले, डोली उचलणाऱ्यांतला जो घसरला त्याचा पाय दीड महिना प्लास्टरात होता.

आणि सरकारची १०८ रुग्णवाहिका आहेच की. २०१४ साली सुरू झाली तेव्हा राज्यभर ९३७ गाड्या, त्यातल्या अॅडव्हान्स्ड (जास्त उपकरणांच्या) २३३. एवढ्या मोठ्या राज्यात त्या आपल्या वाडीत कधी पोचणार? आपल्याला १०८शी बरोबरी करायची नाहीये. ती जिथवर येते तिथवर पेशंट धड नेऊन घातला तरी पुष्कळ झालं.

परळकर
दादा, बोलू देत नाहीत म्हणजे काय? मागच्या मीटिंगला पाऊण तास तुम्हीच बोलत होता, चहा गार झाला सगळ्यांचा.

जीप गावात आधीच चार आहेत. पाचवी घेऊन तिच्यावर लाल पट्टा मारायला आम्ही वर्गणी काढली नाही. बोलेरोत स्ट्रेचर बसलं की बाजूला एक माणूस, तोही मान वाकवून. सीपीआर द्यायची वेळ आली (कोल्हापूरचं हॉस्पिटल नव्हे, छाती दाबणं) तर किमान पाच सेंटिमीटर खोल दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, हात सरळ ठेवून. छपराला डोकं टेकलेल्या माणसाने ते करून दाखवावं.

हरकाम्या
बाईक घ्या ना. मुंबईत २०१७ला सुरू झाल्या होत्या.

परळकर
बाईकवरून डॉक्टर येतो, पेशंट जात नाही. आमच्या गावात आधी डॉक्टर तर असू दे.

सिस्टर_निवृत्त
गाडीवरून भांडताय, आत काय असणार ते कोणीच विचारत नाही. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत गेली, तेव्हा चार शब्द ऐका.

आधी ऑक्सिजनचं गणित. बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर. मिनिटाला १० लिटरने लावला तर अडीच तास, तेही काटा शून्यावर येईपर्यंत. अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर गाठायला पावसात तीन तास धरा, म्हणजे १८०० लिटर झाले. एका सिलिंडरवर निघालेला पेशंट घाटमाथ्याच्या पुढे कुठेतरी निव्वळ हवेवर असणार. डी टाइपमध्ये ७००० लिटर येतो, पण तो माणसाएवढा जड, बोलेरोत ठेवाल तर नातेवाइकाला टपावर बसवावं लागेल. तेव्हा कोल्हापूरला जायचं असेल तर परळकर बरोबर, राजापूरच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंतच जायचं असेल तर अर्जुनाकाठचे बरोबर. हे आधी ठरवा हो.

एका खासगी गाडीत मी पेशंटसोबत होते. पहिला सिलिंडर वाटेत संपला. दुसरा होता, भरलेलाही होता, पण उघडायची चावी गाडीत नव्हती. एका ढाब्यावर ट्रकवाल्याचा पाना मागून आणला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, चावी साखळीने सिलिंडरला बांधा. याला काही खर्च नाही, म्हणूनच बहुतेक कोणी करत नाही.

बाकी सक्शन मशीन (घशातला कफ, रक्त ओढून घेणारं) बॅटरीवरचं आणि एक पायाने चालणारं. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), तिचे लहान मुलांचे मास्कसुद्धा. मानेची कॉलर, स्कूप स्ट्रेचर (दोन भागांत उघडून पेशंटखाली सरकवायचं), एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र). व्हेंटिलेटर विसरा, तो चालवणारा माणूस नसेल तर ते शोभेचं कपाट आहे.

फुरसं
सिस्टर, सापाचं इंजेक्शन राहिलं. आमच्याकडे भातकापणीत दर वर्षी कोणाला ना कोणाला फुरसं चावतं.

सिस्टर_निवृत्त
ते गाडीत नको. पावडरची बाटली फ्रीजशिवाय टिकते हे खरं, पण सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात आणि रिअॅक्शन आली तर सांभाळायला डॉक्टर हवा. ते रुग्णालयात असलेलं बरं. निघताना फोन करा, म्हणजे तिथे तयारी राहते. चावलेला पाय हलू देऊ नका, वर करकचून दोरी बांधू नका.

अर्जुनाकाठचा
बघा, म्हणजे थाट लागत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे पेशंट प्राझोसिनने वाचवले, रक्तदाबाची साधी गोळी. १९८६ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं, २०२२ला पद्मश्री मिळाली. कुठली मशीन होती हो त्यांच्याकडे?

परळकर
मशीन नव्हती, बावस्कर होते. आपल्या गाडीत कोण असणार, बंड्या?

घाटातला_डायवर
बंड्या कोण माहीत नाही, पण गाडी तोच चालवणार आहे ना? मग आमचंही ऐका.

बोलेरो चढते, यात वाद नाही. पण मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, हलकी असली की उडते. कंबर मोडलेला माणूस आत असेल तर प्रत्येक खड्ड्याला तो तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करील. ट्रॅव्हलर अंगाने जड, त्यामुळे आतल्याला बरं. तिसरी टाटाची विंगर, चालवायला कारसारखी मऊ, पण तिची ओढ पुढच्या चाकांना. भरल्या गाडीने ओल्या चढावर वजन मागे जातं आणि पुढची चाकं नुसती फिरतात. आमच्या लाल मातीच्या रस्त्याला मी ती घेणार नाही, डांबरी असेल तर घ्या खुशाल.

खारी हवा विसरलात तुम्ही सगळे. बंदराजवळ उभी राहणाऱ्या एका गाडीचं स्ट्रेचर रुळावरून निघतच नव्हतं, लॉक गंजलं होतं. शेवटी पेशंटला उचलून घातला. दर आठवड्याला तेल द्या आणि स्ट्रेचर ओढून बघा.

देवगडचो
आमच्याकडे अशीच भारी गाडी इली. नारळ फुटलो, पेपरात फोटो इलो. आता ग्रामपंचायतीच्या मागे उभी हा, चारय टायर बसले. डायवराक पगार कोण देतलो तां कोणी इचारलांच नाय.

नियमावर_बोट
बोलेरो, ट्रॅव्हलर ही फक्त नावं झाली. एआयएस-१२५ या मानकात रुग्णवाहिकेचे चार प्रकार आहेत. ए म्हणजे पेशंटपाशी आधी पोचणारं वाहन, बी नुसती ने-आण, सी बेसिक लाइफ सपोर्ट, डी अॅडव्हान्स्ड. गाडी बांधून देणाऱ्याकडून प्रकार लेखी घ्या. नाहीतर डीचे पैसे देऊन बी घरी येते.

अर्जुनाकाठचा
देवगडकरांनी जिव्हारी मारलं. पगाराचं आमच्या ठरावात एक अक्षर नाही, आत्ता वही काढून बघितलं.

सिस्टर म्हणतात ते मान्य, आम्ही राजापूरपर्यंतच जाणार, पुढे १०८. पण परळकरांचा छपराचा मुद्दा मला खोडता येत नाहीये, हेही कबूल करतो. त्यामुळे रविवारी ट्रॅव्हलरच्या रुंदीचा बांबू आडवा धरून पिंपळापासून चारही वाड्यांत फिरणार आहे. जिथे गडग्याला लागेल तिथे चुन्याची खूण. दोनच ठिकाणी लागला तर गडगे मागे घ्यायला मी स्वतः मालकांच्या पाया पडतो आणि तुमची ट्रॅव्हलर घेतो. दहा ठिकाणी लागला तर बोलेरो.

परळकर
मंजूर. शुक्रवारच्या तुतारी एक्स्प्रेसने येतो. बांबूचं एक टोक मी धरणार, तुमच्यावर विश्वास नाही.

सिस्टर_निवृत्त
येताच आहात तर स्कूप स्ट्रेचरवर झोपा, चौघांनी पाखाडीवरून उतरवून बघू दे. वजन किती तुमचं?

परळकर
९४. पण पाऊस लागायच्या आधी हं.