लिस्बनहून कुत्रा, ऑलिव्हचं रोप आणि चीज आणायचंय, जाताना इथून चोरीस (गोव्याचे डुकराचे सॉसेज) पाठवायचे आहेत. काय चालतं, काय नाही?

फोंड्याची_सून

लोकहो, जरा मदत हवी आहे. आमचे भावोजी आठ वर्षं लिस्बनला होते, आता सगळं आवरून कायमचे गोव्यात येतायत. सोबत माझी जाऊ, त्यांची मुलगी आणि कुत्रा, पोडेंगो जातीचा, मध्यम साईजचा, वय सहा. भावोजींचं म्हणणं गोव्यात मोपा विमानतळावर उतरू, घर तासाभरावर, कुत्र्याला त्रास कमी. मी नेटवर वाचलं तर कुणी म्हणतं एनओसी लागते, कुणी म्हणतं तीस दिवस कुत्रा ठेवून घेतात, कुणी म्हणतं काही लागत नाही, सोबतच्या पिशवीसारखा आणायचा. डोकं फिरलंय.

दुसरं म्हणजे आमच्या सासऱ्यांनी ऑलिव्हचं रोप मागितलंय, छोटंसं कुंडीतलं, "बॅगेत कपड्यांत गुंडाळून आण रे" असं फोनवर सांगून मोकळे झाले. आणि भावोजी तिथलं चीज आणि प्रेझुंतो (खारवून वाळवलेली डुकराची मांडी) आणणार म्हणतायत.

आणि उलटा प्रश्न पण आहे. त्यांचा एक मित्र मे महिन्यात इथे येऊन परत लिस्बनला जाणार, त्याच्याकडे तिथल्या लोकांसाठी चोरीस, मानकुराद आंबे, घरचं तूप, खारं (सुकी मासळी), कढीपत्ता असं द्यायचं आहे. यातलं काय जाईल? सगळं घरचंच आहे, बाजारचं काही नाही.

पर्वरीचो_सुणेवालो

आधी कुत्र्याचं सांगतो कारण त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मोपा नाही आणि गोव्याचा दुसरा विमानतळ दाबोळीही नाही. परदेशातून पाळीव प्राणी भारतात ठरावीकच विमानतळांवरून येऊ शकतो : दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि आता कोची. तिथेच अ‍ॅनिमल क्वारंटाईनची, म्हणजे एक्यूसीएसची केंद्रं आहेत. तुमच्यासाठी मुंबई बरी. एका पेट रिलोकेशनवाल्याने माझ्या ओळखीच्यांना "दाबोळीला उतरवून देतो" सांगून अ‍ॅडव्हान्स घेतला होता, कुत्रा शेवटी मुंबईलाच उतरला आणि पैशांवरून अजून वाद चालू आहे. असं कोण सांगत असेल तर फोन ठेवून द्या.

भावोजींचं एक बरं आहे की ते कायमचे येतायत. बॅगेज नियमात माणशी दोन पाळीव प्राणी आणता येतात पण तो नियम दोन वर्षं सलग बाहेर राहून बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी आहे. पंधरा दिवस सुट्टीला येणारा माणूस ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) दाखवून कुत्रा आणीन म्हणाला तर तसं होत नाही, त्याला डीजीएफटीचं, म्हणजे परदेश व्यापार खात्याचं, लायसन्स वगैरे भानगड लागते. तेव्हा नोकरी सोडल्याचं पत्र, घराचा करार संपल्याचा कागद, पासपोर्टवरचे शिक्के, सगळं हाताशी ठेवा.

कागद असे : मायक्रोचिप, रेबीजची लस (प्रवासाच्या किमान ३० दिवस आधी टोचलेली आणि १२ महिन्यांपेक्षा जुनी नाही), बाकीच्या लसींची नोंद, आणि निघायच्या तोंडावर तिथल्या सरकारी व्हेटचं हेल्थ सर्टिफिकेट. नेहमीच्या क्लिनिकच्या डॉक्टरने लेटरहेडवर लिहून दिलेलं चालत नाही, पोर्तुगालमध्ये हे काम डीजीएव्ही हे सरकारी पशुवैद्यक खातं बघतं. हे सगळं मुंबईच्या एक्यूसीएसला पाठवून एनओसी विमान सुटायच्या आधी हातात यायला हवी. कुत्रा उतरल्यावर त्यांचा डॉक्टर त्याला बघतो, चिप स्कॅन करून नंबर कागदाशी जुळवतो, अंगावर गोचीड जखम काही आहे का पाहतो. जुळलं तर सोडतात. नाही जुळलं तर क्वारंटाईन, आणि फारच गडबड असेल तर आला त्याच देशात परत, खर्च तुमचा. तीस दिवसांची गोष्ट तिथून पसरलीय.

तिकीट कामाच्या दिवशी सकाळी उतरेल असं काढा. रविवारी पहाटे कुत्रा कार्गोत बसून राहिलेला कुणालाच नको.

लिस्बोआ_रिटर्न

वरच्यांनी बरोबर सांगितलंय, त्यात माझी एकच भर पण ती फार कामाची. भावोजींना सांगा की लिस्बन सोडायच्या आधी कुत्र्याची रेबीज टायटर टेस्ट (लसीने रक्तात पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते बघणारी) करून घ्या आणि त्याच्या ईयू पेट पासपोर्टवर नोंद करून घ्या. आज कायमचे येतायत, पण उद्या मुलीच्या शिक्षणासाठी परत जावं लागलं तर? भारत युरोपच्या रेबीजच्या यादीत बसत नाही, त्यामुळे इथून कुत्रा तिकडे न्यायचा तर लस, मग निदान ३० दिवसांनी रक्त, ते ईयूने मान्य केलेल्या लॅबमध्ये, आकडा ०.५ आययू किंवा वर यायला हवा, आणि त्यानंतर वर तीन महिने थांबायचं. पण हीच टेस्ट युरोप सोडायच्या आधी पास होऊन पासपोर्टवर असेल, आणि पुढे इथे बूस्टर एकही दिवस न चुकवता देत राहिलात, तर परत जाताना ते तीन महिने थांबावं लागत नाही. तिथे असताना एक रक्ततपासणी, बस. इथून करायला गेलात तर सँपल कुरियर करण्यापासून सगळं निस्तरा.

आणि चिप लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी बसलेली असायला हवी हां, नंतर बसवली असेल तर ती लस युरोपच्या हिशेबात धरतच नाहीत.

गोंयकार_७७

पण गोवा तर रेबीज कंट्रोल्ड जाहीर झालाय ना २०२१ मध्ये? मग आपल्या कुत्र्यांना कशाला हा ताप

लिस्बोआ_रिटर्न

झालाय, आणि त्यामागे गावोगावी जाळी घेऊन कुत्रे धरून लस टोचणाऱ्या लोकांचे कष्ट आहेत, ते नाकारत नाही. पण युरोपची यादी देशाप्रमाणे असते, राज्याप्रमाणे नाही. तिथल्या काउंटरवर कुत्रा "इंडिया"तून आलेला असतो, पेडण्याचा की पाटण्याचा ते कोण विचारत नाही.

भाटकार_केपें

ऑलिव्हच्या रोपाबद्दल. मामंजींना माझा नमस्कार सांगा आणि रोपाचा नाद सोडायला सांगा.

नियम सरळ आहे. २००३ च्या प्लांट क्वारंटाईन ऑर्डरप्रमाणे जिवंत रोपाला इम्पोर्ट परमिट आधी काढावं लागतं आणि तिथल्या सरकारचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (फायटो, म्हणजे रोप कीडरोगमुक्त असल्याचा दाखला) सोबत यावं लागतं. माती तर अजिबात चालत नाही. कुंडीतलं रोप म्हणजे मातीच. आणि ऑलिव्ह म्हणजे नेमका धोक्याचा माल. इटलीत पुलिया भागात २०१३ मध्ये झायलेला नावाचा जीवाणू सापडला, झाडाच्या पाणी नेणाऱ्या नळ्यांत वाढतो, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, शेकडो वर्षांची ऑलिव्हची झाडं जागेवर उभी सुकली. पोर्तुगालमध्येही २०१९ च्या सुरुवातीला पोर्तोजवळ तो लॅव्हेंडरच्या झाडांवर मिळाला. रोप बघून कळत नाही हो, लागण झालेलं झाड कितीतरी काळ हिरवंगार दिसतं. तुमच्या बॅगेतलं रोप ठणठणीत असेलही, पण ते ठरवणार कोण?

कुणाला वाटेल हे काय कागदी घोडे, तर माझ्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, या. २०१६ मध्ये तामिळनाडू केरळात माडांवर रुगोज पांढरी माशी पहिल्यांदा दिसली, ती मूळची मध्य अमेरिकेतली, इकडे आपली आपण उडत आलेली नाही. झावळ उलटी केली की खाली पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी, एकात एक वळसे घेत गेलेली, बोटाला लावली तर पावडर लागते. वरच्या झावळ्यांतून चिकट रस गळतो आणि खालच्या झावळीवर, केळीवर, मिरवेलीवर, मधल्या सुपारीवर काजळी धरते, काळी कुळकुळीत, पावसाने धुतली तरच जाते. पाडेली (नारळ पाडणारे) चढायला कुरकुर करतात, हातपाय काळे होतात म्हणून. आणि औषध मारायची सोय नाही कारण हिला खाणारी एन्कार्सिया नावाची बारीक गांधीलमाशी पण तिच्यामागून इथे पोचलीय, फवारलं की आधी ती मरते. आम्ही नुसती वाट बघतो.

पोर्तुगीज काजू, अननस, मिरची घेऊन आले तेव्हा फायटो कुणी मागितला नव्हता, आणि आज त्यांच्याशिवाय आपलं पान हलत नाही, ते मान्य. पण तेव्हा महिनोन्महिने जहाजात काढून माल यायचा, आता चौदा तासांत कीड ताजी उतरते.

आणि खरं सांगू, आणलंच तरी धरणार नाही. ऑलिव्हला फूल यायला थंडी लागते. फोंड्यात कुठली थंडी? जानेवारीत पहाटे एक चादर पुरते.

फोंड्याची_सून

भाटकारदादा, तुमची शेवटची ओळ बाबांना वाचून दाखवली. कायद्याचं ऐकून ते ढिम्म हलले नव्हते, थंडीचं ऐकल्यावर गप्प बसले. चीज आणि प्रेझुंतोचं काय? आणि न्यायच्या वस्तूंचं कोणी सांगेल का?

मुरगावकर_सीएचए

मी क्लिअरिंगचं काम करतो. आणण्याचं आधी. इथे उतरताना कस्टम्सच्या फॉर्मवर दोन प्रश्न सरळ असतात, मांस मासे दूध पोल्ट्रीचे पदार्थ आहेत का, आणि बी बियाणं रोपं फळं फुलं आहेत का. असेल तर हो लिहायचं आणि रेड चॅनलला जायचं. डुकराच्या मांसाच्या तर वाटेलाच जाऊ नका. आफ्रिकन स्वाईन फीव्हर २०२० मध्ये आसाम अरुणाचलात शिरला तेव्हापासून डुकराच्या कुठल्याही पदार्थाकडे सगळे बारीक नजरेने बघतात, माणसाला काही होत नाही त्याने, पण डुकरांचा गोठा साफ होतो आणि लस हाताशी नाही. वाळवलेल्या, खारवलेल्या मांसात तो विषाणू महिनोन्महिने टिकतो. प्रेझुंतो खायचा तर तिथेच खाऊन या. चीज असेल तर डिक्लेअर करा, ऑफिसरने ठेवून घेतलं तर हुज्जत घालू नका, तो कुत्रा मुंबईत सोडवायचा आहे त्याच दिवशी.

आता न्यायचं. लिस्बन म्हणजे ईयू, तिथे बाहेरच्या देशातून प्रवाशाच्या बॅगेत मांस आणि दूध दोन्ही बंद. त्यामुळे चोरीस नाही, तूप नाही, पेढे नाहीत. घरचं की बाजारचं याने फरक पडत नाही, घरच्याला तर उलट लेबल पण नसतं. हा नियम उगाच नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या खुरकत आली, बेकायदा आलेलं मांस डुकरांच्या खरकट्यात गेलं असावं असं तपासात धरलं गेलं, आणि साठ लाखांच्या वर जनावरं मारावी लागली. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीत परत निघाली, तर एप्रिलपासून ब्रिटनने युरोपातून येणाऱ्या प्रवाशांना सुद्धा मांस आणि चीज आणायला बंदी घातली. म्हणजे ते एकमेकांना पण सोडत नाहीत, आपल्या चोरिसांचं काय घेऊन बसलात.

मानकुराद : १४ डिसेंबर २०१९ पासून ईयूत जवळजवळ सगळ्या ताज्या फळ भाज्या पानांना फायटो लागतो, प्रवाशाच्या पिशवीतल्या सुद्धा. सूट पाचच फळांना, अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. आंबा त्यात नाही. फळमाशीमुळे २०१४ मध्ये त्यांनी भारतीय आंबाच बंद केला होता, सोबत आळू, कारली, पडवळ, वांगी पण. आंबा पुढच्या वर्षी उघडला, पॅकहाऊसमधून गरम पाण्यात बुडवून ४८ डिग्रीला तासभर वगैरे प्रक्रिया करून जातो तो. झाडावरून काढून गवतात पिकवलेला आपला मानकुराद नाही जात. कढीपत्ता, विड्याची पानं पण फायटो लागतो म्हणून नाही.

लिस्बोआ_रिटर्न

आणि गंमत म्हणजे खारं जातं! मासळीला मांसाचा नियम नाही, सुकी किंवा साफ केलेली मासळी माणशी २० किलोपर्यंत चालते, सुंगटं (कोळंबी) पण. तेव्हा पुरुमेंताच्या फेस्तात (पावसाआधीच्या साठवणीच्या बाजारात) भरपूर सुके बांगडे आणि गालमो (सुकी बारीक कोळंबी) घ्या आणि पाठवा. फक्त पॅकिंग नीट, तीन पदरी, नाहीतर मित्राचे सगळे कपडे लिस्बनपर्यंत घमघमतील आणि तो परत कधी काही नेणार नाही. आमसुलं, भाजलेले काजू, मसाला बिनधास्त. नारळ चालतो म्हणून सुकं खोबरं टाकू नका बॅगेत, ते विमानवाले काढून ठेवतात, तेल असतं, पेट घेतं म्हणून, त्याचा या नियमांशी संबंध नाही.

पणजी_देली

मध्येच घुसतो, सॉरी. पोर्तुगालहून ऑलिव्ह ऑईल आणि सार्डिनचे डबे दुकानासाठी मागवायचे आहेत, थोडेच, पहिल्यांदा. एफएसएसएआयला (अन्न सुरक्षा प्राधिकरणाला) काय बघतात?

मुरगावकर_सीएचए

दुकानासाठी म्हणजे वेगळा खेळ. इम्पोर्टरचं एफएसएसएआय लायसन्स हवं आणि आयईसी कोड (आयात-निर्यातदाराचा नंबर). माल क्लिअर होताना ६० टक्के शेल्फ लाईफ शिल्लक हवी किंवा एक्सपायरीला तीन महिने, यातलं जे कमी असेल ते. नवीन लोक इथेच आपटतात, तिकडचा सप्लायर सवलतीत जुना स्टॉक खपवतो. इम्पोर्टरचं नाव पत्ता, लायसन्स नंबर आणि हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण (शाकाहारी-मांसाहारी खूण) हे स्टिकर इथे बाँडेड (कस्टम्सच्या ताब्यातल्या) गोदामात लावता येतं, पण मूळ लेबलवर एक्सपायरी किंवा घटकच नसतील तर स्टिकरने भागत नाही. आणि लाकडी पॅलेटवर गव्हाच्या कणसाच्या चित्राचा शिक्का आहे का ते सप्लायरला फोटो काढून पाठवायला सांगा, एचटी लिहिलेला, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ डिग्रीला अर्धा तास तापवलेलं. तेल उत्तम आणि पॅलेट बिनशिक्क्याचं म्हणून कंटेनर अडकलेला मी स्वतः बघितलाय, डेमरेज (माल अडकून राहिल्याचा दंड) रोजच्या रोज चढत होतं.

फोंड्याची_सून

देव बरें करूं सगळ्यांचं. भावोजींना हे सगळं फॉरवर्ड केलं, टायटर टेस्टची अपॉइंटमेंट घेतोय म्हणाले. आता शेवटचं, मुंबईहून फोंड्याला कुत्र्याला कसं आणू, परत विमान की गाडी?

पर्वरीचो_सुणेवालो

वहिनी, एकदा विमानातून उतरलाय तर त्याच दिवशी परत विमानात नको. ट्रेनने आणायचा तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे बुक करावा लागतो, किंवा मग ब्रेक व्हॅनच्या पिंजऱ्यात, तो मी माझ्या कुत्र्याला कधी देणार नाही. गाडी करा, रात्री वाशीला कुणाकडे तरी मुक्काम करा आणि पहाटे निघा. कोकणातल्या रस्त्याचं काम कुठवर आलंय ते निघायच्या आदल्या दिवशी कुणाला तरी विचारून घ्या, नाहीतर कोल्हापूरवरून आंबोली घाटाने उतरा. एनओसीची आणि कस्टम्सच्या पावतीची कॉपी डॅशबोर्डवर ठेवा, गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवी चेकनाक्यावर विचारलंच तर दाखवायला.

फोंड्याची_सून

वाशीला मावसभाऊ आहे, त्याच्याकडे मांजर आहे पण. बघते विचारून.