कीमो नेमकी कशाला म्हणायची?

प्रश्न (रामबाग, इंदूर)
आमच्या इंदुरी मराठीत 'कीमो लागली', पुण्याची वहिनी म्हणते 'केमो दिली'. उच्चाराचं जाऊ द्या, मला अर्थ हवाय. मावशीला कॅन्सरच्या ऑपरेशननंतर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सुरू आहेत. दोन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा बंद. घरात सगळे समाधानाने सांगतात, "कीमो नाही लागली हो, गोळ्यांवर भागलं." केस शाबूत आहेत, हा त्यांचा पुरावा. परवा दाढ काढायला गेलो तर मावशीने तिथेही हेच सांगितलं. मी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून पुढे ठेवलं. दातांच्या डॉक्टरांनी नाव वाचलं, हातातली सुई परत ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले, आधी रक्त तपासून आणा. मग ही कीमो आहे की नाही?

उत्तर (औषधांच्या दुकानातून, इंदूर)
ताई, पाकीट दाखवलंत हे फार चांगलं केलंत. ही कीमोच आहे. कॅपेसिटाबिनचं शरीरात गेल्यावर फ्लुरोयुरॅसिल होतं, आणि ते कीमोचं जुनं, शिरेतून देतात ते औषध. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट कमी झालेल्या असल्या तर दाढेची जखम चिघळू शकते, रक्त लवकर थांबत नाही. केसांवरून काही ठरत नाही. या गोळीने केस सहसा फारसे जात नाहीत, तळहात-तळपाय मात्र लाल होऊन सोलतात. तिकडे लक्ष ठेवा.

उलटी चूकही रोज ऐकतो. टॅमॉक्सिफेन या कॅन्सरवरच्या गोळीला लोक 'कीमोची गोळी' म्हणतात. ती हार्मोनवरची गोळी आहे. ट्रास्टुझुमॅब हे कॅन्सरवरचंच औषध शिरेतून जातं, बाटली लटकलेली दिसते, तरी ते कीमो नाही. ते पेशीवरचं ठरावीक प्रथिन धरतं. वाढत्या, विभागणाऱ्या पेशींना जे मारतं त्याला कीमो म्हणायचं, मग ते तोंडातून जावो की शिरेतून.

आणखी एक उत्तर (इंदूर)
शब्दाचा इतिहास सांगते, कारण घोळ तिथेही आहे. कीमो म्हणजे केमोथेरपी, आणि हा शब्द रूढ केला जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिक यांनी, आणि तेव्हा त्याचा कॅन्सरशी संबंध नव्हता. रसायनाने रोग बरा करणं एवढाच अर्थ. त्यांचं 1910 सालचं साल्वरसान उपदंशावरचं औषध होतं. कॅन्सरवर नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन वापरलं गेलं ते 1940 च्या दशकात. पुढे शब्द आक्रसत कॅन्सरपुरता उरला.

मराठीतला 'रसायनोपचार' मला अर्थाने पटतो, पण घरात बोलताना धोक्याचा वाटतो. आयुर्वेदात रसायन म्हणजे बळ देणारं, म्हातारपण लांबवणारं. च्यवनप्राश हे रसायन. माझ्या सासूबाईंनी तो शब्द ऐकून विचारलं होतं, "मग अशक्तपणा का आला?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. आणि विनक्रिस्टीन हे कीमोचं औषध तर अंगणातल्या सदाफुलीतून काढलेलं! (म्हणून कुणी पानं चावू नका, झाड विषारी आहे.) आजाऱ्याशी बोलताना मी 'कीमो'च म्हणते. लिंग स्त्रीलिंगी, थेरपीवरून: पहिली कीमो, दुसरी कीमो.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल मावशीला बसवून सगळं समजावलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "शब्दाचीच भीती वाटते गं." तिच्या पर्समध्ये ठेवायला पुठ्ठ्यावर मी लिहिलं: 'कीमोची गोळी चालू आहे, कॅपेसिटाबिन.' तिने ते दोनदा वाचलं, पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःच्या हाताने गोळ्या सुरू झाल्याची तारीख घातली.